पळायचे बूट घरी दुरुस्त करताना: सोल, टाच, जाळी आणि आपल्याकडचा पाऊस

बुटाचा पुढचा सोल सुटून तोंड उघडलं की घरात सगळ्यात आधी फेव्हिक्विकची शोधाशोध सुरू होते. दोन थेंब टाकले, अंगठ्याने दाबून धरलं, चिकटलं. दुसऱ्या दिवशी बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानाला दोन फेऱ्या होईतो बूट पुन्हा तोंड वासतो. तो गोंद वाईट नसतो, जागा चुकलेली असते. फेव्हिक्विकच्या जातीचे गोंद वाळले की काचेसारखे कडक होतात, आणि पळताना चवड्याखालचा सोल प्रत्येक पावलाला वाकतो. कडक थर वाकत नाही, तडकतो. वर त्याची खर सोलवर बसून राहते आणि पुढच्या वेळी चांगला गोंदही तिथे धरत नाही.

तेव्हा आधी एक गोष्ट पक्की करू. बूट दुरुस्तीत गोंद लावणं हे शेवटचं आणि सगळ्यात छोटं काम आहे. वेळ जातो तो धुण्यात, वाळवण्यात, घासण्यात आणि गोंद लावल्यावर हात बांधून बसण्यात. एवढं जमलं तर साध्या रबरी सोल्युशननेही बूट हंगाम काढतो. नाही जमलं तर महागातली ट्यूबसुद्धा आठवड्यात हात टेकते.

बूट दुरुस्त करण्यासारखा आहे का?

बूट टेबलावर ठेवा आणि मागून, टाचेच्या बाजूने बघा. दोन्ही टाचा सरळ उभ्या आहेत की एक आत किंवा बाहेर कललेली आहे? कललेली असेल तर सोल आणि वरचा भाग यांच्यामधला फोम एका बाजूने दबून बसलेला असतो. हा फोम बहुतेक पळायच्या बुटांत ईव्हीए नावाच्या हलक्या, लवचिक प्लॅस्टिकचा असतो. त्यात हवेचे बारीक बुडबुडे असतात, ते दबून दबून फुटतात आणि मग फोम परत वर येत नाही. अंगठ्याने बाजूने दाबून बघा. बाजूला आडव्या सुरकुत्या कायमच्या पडल्या असतील आणि दाबल्यावर काहीच हलत नसेल, तर त्या बुटाचं पळणं संपलं. पळायच्या बुटाचं आयुष्य साधारण ५०० ते ८०० किलोमीटर धरतात. माणसाच्या वजनाप्रमाणे आणि रस्त्याप्रमाणे ते कमी-जास्त होतं. असा बूट चिकटवून शेतात, बाजारात, बागेत वापरायला हरकत नाही. पण नवा सोल लावला म्हणून गुडघ्याला मिळणारा आधार परत येत नाही.

दुसरी परीक्षा नखाची. काही बुटांत, विशेषतः ट्रेकिंगच्या आणि जुन्या जाड सोलाच्या बुटांत, ईव्हीएच्या जागी पॉलियुरेथेनचा फोम असतो. हवेतल्या ओलाव्याने तो वर्षानुवर्षं आतून विरत जातो, आणि बूट न वापरता कपाटात ठेवला तर उलट लवकर विरतो. नखाने खरवडल्यावर चुरा निघाला, तर तिथेच थांबा. चुऱ्याला कुठलाच गोंद धरत नाही. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या घरांत चार महिने भिंतींना ओल असते. तिथे 'नवेच्या नवे ठेवले होते, घातले आणि सोल गळून पडला' हे ऐकायला मिळतं ते याचमुळे.

फोम जिवंत आहे, फक्त सोल सुटलाय, जाळी फाटलीय किंवा टाचेचं अस्तर गेलंय, अशा बुटावर मात्र एक संध्याकाळ घालवावी.

आपल्या भागात बूट कुठे जातो हे मातीवरूनही ओळखता येतं. पश्चिमेकडे, बेळगाव-खानापूरच्या लाल जांभ्या मातीत आणि मुरमाच्या रस्त्यांवर बारीक खडे सोलचं रबर कापून काढतात, त्यामुळे आधी झीज होते. पूर्वेला अथणी-रायबागकडच्या काळ्या जमिनीत पाऊस पडला की चिखल पावलागणिक बूट खाली ओढतो. तिथे सोल झिजण्याआधी कडेने सुटतो.

जवळ काय काय हवं

बुटांचा मुख्य गोंद म्हणजे रबरी संपर्क गोंद. दुकानात सोल्युशन म्हणून मागा, नाहीतर फेव्हिकॉलचा एसआर मागा. पांढरा फेव्हिकॉल लाकडासाठी आहे, पाण्याने मऊ पडतो, तो इथे कामाचा नाही. अ‍ॅरल्डाइट, एम-सील वगैरे वाळल्यावर दगड होतात. लेसच्या तुटलेल्या प्लॅस्टिक कडीला चालतील, वाकणाऱ्या जागी नाही. सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन ट्यूबच्या पातळ रबरासाठी असतं, सोलला ते कमी पडतं.

बाकी सामान घरचंच: ८० आणि १२० नंबरचा पॉलिश पेपर, जुना दात घासायचा ब्रश, हॅकसॉचं जुनं पातं किंवा कटर, थोडं अ‍ॅसिटोन (नेलपॉलिश काढायचं चालेल, पण तेल किंवा क्रीम मिसळलेलं नको) किंवा स्पिरिट, रद्दी, केस वाळवायचा ड्रायर, आणि सायकलची जुनी ट्यूब. ही ट्यूब फार महत्त्वाची आहे. ती लांबीने फाडून दोन बोटं रुंद पट्ट्या करून ठेवा. बुटाला सगळीकडून सारखा दाब देणारं याहून स्वस्त साधन मला माहीत नाही. पक्कड किंवा लाकडी शिकंजा एकाच ठिकाणी दाबतो आणि फोमला खड्डा पाडतो.

शिवायचं असेल तर आरी लागते. बुटवाल्यांची आरी म्हणजे लाकडी मूठ आणि टोकाला छोटा हूक असलेली सुई. चपलांचा कच्चा माल विकणाऱ्या दुकानात ती मिळते, आणि आपल्या भागात असं दुकान शोधायला लांब जावं लागत नाही. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा त्यात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हे चार जिल्हेही आले. अथणी, निपाणी, मदभावी इथे घराघरांत हे काम चालतं. त्यामुळे दोरा, मेण, आरी, रबरशीट, चामड्याचे तुकडे हे सगळं मागितलं की मिळतं.

सुटलेला सोल चिकटवणं

सुटलेला भाग शेवटपर्यंत उघडा. बोटाने हळूच ओढून बघा. जिथपर्यंत सहज सुटतो तिथपर्यंत सुटू द्या. अर्धवट धरलेल्या जागेत धूळ अडकलेली असते आणि पुढच्या वेळी तिथूनच सुटायला सुरुवात होते. मात्र घट्ट धरलेला भाग जोर लावून फाडू नका.

मग धुवा. चिखल असेल तर आधी वाळू द्या आणि कोरडाच झाडा, ओला चिखल जाळीत आणखी आत जातो. त्यानंतर कोमट पाणी, थोडा साबण आणि ब्रश. लेस आणि इनसोल काढून वेगळे धुवा. वॉशिंग मशीन नको, त्यात सोलच्या कडा उघडतात.

वाळवायला सावली आणि वारा. आत रद्दीचे बोळे कोंबा आणि ओले झाले की बदला. चुलीजवळ, गॅसजवळ किंवा दुपारच्या कडक उन्हात, पत्र्यावर बूट ठेवू नका. ईव्हीए उष्णतेने आकसतो, आणि सोल एकदा आकसला की वरच्या भागाशी पुन्हा जुळत नाही. मार्च-एप्रिलमध्ये एका दिवसात बूट कोरडा होतो. जुलैत दोन दिवस पंख्याखाली ठेवला तरी आतून गार लागतो, आणि गार लागतोय म्हणजे ओला आहे.

आता घासणं. जुना गोंद पातळ पिवळसर साल होऊन बसलेला असतो. पात्याने खरवडून जेवढा निघेल तेवढा काढा. मग ८० नंबरचा पेपर घेऊन दोन्ही बाजू, म्हणजे सोलची आतली बाजू आणि बुटाचा तळ, घासा. चमक पूर्ण जाऊन पृष्ठभाग एकसारखा मंद, खरबरीत दिसला पाहिजे. कारखान्यात ईव्हीएवर आधी प्रायमर लावतात, कारण नुसत्या ईव्हीएला गोंद मनापासून धरत नाही. घरी प्रायमर नसतो, म्हणून त्याचं काम घासण्यानेच भागवावं लागतं. कडेचा शेवटचा अर्धा सेंटीमीटर नीट घासा. बहुतेक जण मधला भाग छान घासतात आणि कडा तशाच सोडतात, आणि सुटतं ते कडेनेच.

धूळ कोरड्या ब्रशने झाडा. फडक्याला थोडं अ‍ॅसिटोन किंवा स्पिरिट लावून एकदाच पुसा. बाटली बुटावर ओतू नका. अ‍ॅसिटोनने काही प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणि रंग विरघळतात. पेट्रोलने पुसायची सवय काहींना असते. त्याचा तेलकट अंश मागे राहतो आणि आगीचा धोका वेगळाच. एकदा पुसल्यावर त्या जागेला बोट लावायचं नाही, हाताचं तेलही पुरेसं असतं.

गोंद दोन्ही बाजूंना लावायचा, अगदी पातळ. जुना ब्रश किंवा पुठ्ठ्याचा तुकडा घ्या आणि एकाच दिशेने पसरवा. ईव्हीए पहिला हात पिऊन टाकतो, म्हणून त्या बाजूला १० मिनिटांनी दुसरा हात द्या. मग थांबा. १० ते १५ मिनिटांनी बोटाच्या मागच्या बाजूने स्पर्श करून बघा: बोटाला गोंद लागत नाही पण किंचित ओढल्यासारखं वाटतं, तेव्हा वेळ झाली. ओला असतानाच जोडला तर आतला द्रव अडकतो आणि जोड कित्येक दिवस मऊच राहतो. दुरुस्ती फसण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण आहे, आणि कारण एकच: घाई.

जोडण्याआधी दोन्ही बाजूंवर मिनिटभर ड्रायर फिरवा, लांबून. वाळलेला थर उबेने पुन्हा जागा होतो. मग पुढच्या टोकापासून सुरू करून टाचेकडे या, अंगठ्याने थोडं थोडं बसवत. संपर्क गोंद पहिल्या स्पर्शालाच धरतो. वाकडं बसलं तर सरकवता येत नाही. म्हणून टेकवण्याआधी टोक नीट जुळवून घ्या. पूर्ण बसल्यावर आत मुठीएवढा लाकडाचा ठोकळा किंवा घट्ट कोंबलेली रद्दी ठेवा आणि बाहेरून रबरी हातोडीने किंवा बत्त्याला फडकं गुंडाळून ठोका. इथे जास्त वेळ दाबून धरण्यापेक्षा एकदाच जोराने दाबणं महत्त्वाचं.

शेवटी ट्यूबच्या पट्ट्या चवड्यापासून मागे घट्ट गुंडाळा, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवून. पूर्ण २४ तास बूट घालायचा नाही.

एक सावधगिरी. या गोंदाची आणि अ‍ॅसिटोनची वाफ पेटते. काम अंगणात किंवा गच्चीवर करा, आणि घरातच करणार असाल तर खिडक्या उघड्या ठेवून. देवासमोरची समई, उदबत्ती, डासांची कॉइल, गॅस, सगळं बंद किंवा लांब. लहान मुलांच्या हाती डबा लागू देऊ नका.

जून ते सप्टेंबर

पावसाळ्यात गोंदाचा एक वेगळाच त्रास असतो आणि तो आपल्या पश्चिम भागात जास्त जाणवतो. गोंदातला द्रव उडून जाताना पृष्ठभाग थंड पडतो. हवा दमट असेल तर त्या थंड थरावर डोळ्यांना न दिसणारा ओलावा जमतो. वरून गोंद वाळलेला वाटतो, आत मात्र पाण्याची झिलई असते, आणि जोड हाताने ओढला तरी सुटतो. थर पांढुरका किंवा धुरकट दिसला तर समजा ओलावा बसलाय.

उपाय असा: काम दुपारी करा, सकाळच्या धुक्यात नको. बूट आणि गोंदाचा डबा दोन्ही आधी तासभर घरात कोरड्या जागी ठेवा. थर वाळत आला की ड्रायर लांबून फिरवा, म्हणजे साचलेला ओलावा उडून जाईल, आणि थर कोमट असतानाच जोडा. सतत पाऊस लागला असेल आणि काम अडलेलं नसेल तर उघाड पडेपर्यंत थांबलेलं बरं. अथणीकडे हा प्रश्न क्वचितच येतो. तिथल्या उन्हाळ्यात उलट गोंद पाच-सात मिनिटांत वाळून जातो, म्हणून एका वेळी थोड्याच भागाला लावा.

टाचेचा झिजलेला कोपरा

बहुतेकांची टाच बाहेरच्या कोपऱ्याला आधी झिजते. काळं रबर संपून खालचा रंगीत फोम दिसू लागला की लगेच हात घाला, कारण फोम रस्त्यावर खडूसारखा झिजतो.

ठिगळासाठी ३-४ मिलिमीटरची रबरशीट घ्या. त्याहून चांगलं म्हणजे टाकून द्यायच्या दुसऱ्या बुटाचा सोल: कमानीखालचा भाग जमिनीला फारसा टेकत नाही, तिथलं रबर जवळजवळ नवं असतं. सायकलची ट्यूब इथे वापरू नका. ती पातळ असते आणि ओल्या फरशीवर घसरते.

झिजलेली जागा पेपरने सपाट करा. कागद ठेवून आकार काढा, रबर दोन मिलिमीटर मोठं कापा, आणि वर सांगितल्याप्रमाणे घासून, पुसून, दोन हात गोंद देऊन चिकटवा. दुसऱ्या दिवशी कडा पात्याने बरोबर करा. ठिगळाची पुढची कड उतरती घासायला विसरू नका. उभी राहिली तर पावलागणिक रस्त्याला अडकून ती स्वतःच उचकटते. दोन्ही बुटांच्या टाचांची उंची सारखी येईल असं बघा. एकाच बुटाला चार मिलिमीटर चढवलं तर कंबरेला कळतं.

टाचेचं आतलं अस्तर

लेस न सोडता पाय कोंबायच्या सवयीने हे फाटतं. आधी कापड विरतं, मग स्पंज दिसतो, शेवटी आतलं कडक प्लॅस्टिक घोट्यामागे घासून फोड आणतं. भरतीची तयारी करणाऱ्या पोरांचे बूट बघा, सोल शाबूत आणि टाच आतून फाटलेली.

इथे चामडं लावायचं तर मऊ शेळीचं अस्तराचं चामडं घ्या. चपलांच्या कारागिरांकडे तुकडे मिळतात, पण चपलेच्या तळाचं जाड कमावलेलं चामडं मागू नका. घामाने ओलं होऊन वाळलं की ते कडक होतं आणि प्लॅस्टिकपेक्षा जास्त टोचतं. चामडं नको असेल तर जुन्या ट्रॅक पँटचं ताणणारं कापड चालतं.

स्पंज उरला असेल तेवढा ठेवा, नसेल तर पातळ फोमचा तुकडा भरा. ठिगळ इंग्रजी 'यू'च्या आकारात कापा, वरच्या काठावरून बाहेर थोडं वळेल एवढं लांब. कडा पात्याने आतून तासून पातळ करा, म्हणजे पायाला उंचवटा लागणार नाही. गोंद पातळ, वाळवून, खालून वर बसवा. वरच्या काठाला बारीक टाके घाला, तिथला ताण फक्त गोंदाला झेपत नाही. आणि पुढे लेस सोडूनच बूट घाला, नाहीतर महिन्यात हेच काम परत.

जाळी फाटली तर

अंगठ्याच्या वर भोक पडलं असेल तर आधी नख कापा. करंगळीच्या बाजूने फाटलं असेल तर बूट पायाला अरुंद आहे. ठिगळ लावा, पण पुढचा जोड घेताना रुंद घ्या.

ठिगळ आतून लावायचं. जुन्या स्कूलबॅगचं नायलॉन उत्तम. भोकाच्या चहूबाजूंनी एक सेंटीमीटर जास्त, कोपरे गोल, कारण टोकदार कोपरे उचकटतात. गोंद ठिगळालाच लावा, जाळीला नाही, आणि चांगला वाळत आल्यावरच दाबा; ओला गोंद जाळीतून बाहेर झिरपतो आणि तो डाग जात नाही. आत रद्दी कोंबून बुटाचा आकार धरा, मग बारीक सुईने भोकाच्या कडेने तिरके टाके घाला. दोरा नायलॉनचा, सुती दोरा घामाने कुजतो.

शिवायचं कुठे आणि कुठे नाही

बॅडमिंटनचे, शाळेच्या पीटीचे, कॅनव्हासचे बूट यांच्या सोलला बाजूने वर चढलेली रबरी भिंत असते. ती वरच्या भागाला शिवता येते आणि शिवावीच. जाड फोमच्या पळायच्या बुटाला मात्र सुई लावू नका. फोममध्ये प्रत्येक टाका म्हणजे एक चीर, आणि वाकताना त्या चिरा एकमेकींना मिळतात.

शिवायची पद्धत अशी. दोरा मेणावरून ओढून घ्या, मेणबत्तीही चालेल. दोऱ्याचं एक टोक बुटाच्या आत, दुसरं बाहेर. आरी बाहेरून आत घाला, आतल्या दोऱ्याचा फासा हुकात धरून बाहेर ओढा, त्या फाशातून बाहेरचा दोरा घाला आणि दोन्ही टोकं ओढून आवळा. गाठ भोकाच्या मधोमध बसली पाहिजे. पुढचा टाका पाच-सहा मिलिमीटरवर. सोलच्या भिंतीत आधीच खाच असेल तर त्यातूनच शिवा, म्हणजे दोरा रस्त्याला घासणार नाही.

बारीकसारीक

लेसचं टोक विसकटलं तर मेणबत्तीवर क्षणभर धरून ओल्या बोटांनी वळा. सुती लेस असेल तर सेलोटेप गुंडाळा. लेसचं भोक फाटलं तर सभोवती काजासारखे टाके, नाहीतर ताडपत्रीला लावतात तशी पितळी कडी. वास येत असेल तर इनसोल काढून धुवा आणि बुटात रात्रभर खायचा सोडा टाकून सकाळी झटका. दबून पातळ झालेला इनसोल मात्र बदलाच.

गोंद वाळल्यावर पहिल्या दिवशी बूट घालून फक्त चाला. संध्याकाळी चवड्याजवळ सोल हाताने वाकवून कडा बघा. केसाएवढी फट दिसली तर तेवढीच जागा पुन्हा घासून, पुसून चिकटवा. त्यावर नवा गोंद नुसता ओतू नका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सपाट मैदानावर हलकं पळा. येळ्ळूरच्या राजहंसगडाची चढण किंवा मुरमाचा उतार आठवडाभर नको. अग्निवीर भरतीच्या १.६ किलोमीटरच्या धावेला जाणाऱ्यांनी तर आदल्या दिवशी चिकटवलेला बूट घालूच नये. निदान पंधरा दिवस सरावात वापरलेलाच जोड न्यावा, आणि पिशवीत दुसरे बूट ठेवावेत.